रस्ता बांधणाऱ्या यंत्रांचा रस्त्यावरचा प्रवास

उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन दिवाळीच्या पहाटे, सिल्क्यारा येथील निर्माणाधीन बोगद्याचा एक भाग कोसळला आणि ४१ कामगार आत अडकले. त्यानंतरच्या सतरा दिवसांत देशाचे लक्ष ढिगाऱ्यातून आडवे छिद्र पाडणाऱ्या ऑगर यंत्राकडे लागले होते. मात्र ते यंत्र सिल्क्यारापर्यंत पोहोचवणे हीच बचावकार्यातील पहिली मोठी कसोटी होती. सुमारे २५ टन वजनाची ही सामग्री सुटी करून भारतीय हवाई दलाच्या सी-१३०जे विमानांनी दिल्लीहून चिन्यालीसौड येथील धावपट्टीवर उतरवण्यात आली. तिथून पुढचा डोंगरी रस्ता ट्रेलरांनी कापला. काही सामग्री इंदूरहून सी-१७ विमानाने डेहराडूनला आणून पुढे रस्त्यानेच न्यावी लागली. डोंगरमाथ्यावरून उभे छिद्र पाडण्याचे ठरले, तेव्हा यंत्र वर चढवण्यासाठी सीमा सडक संघटनेला आधी रस्ताच तयार करावा लागला. २८ नोव्हेंबरला सर्व कामगार सुखरूप बाहेर आले.

यंत्र जिथे आहे आणि यंत्र जिथे हवे आहे, या दोन ठिकाणांमधील अंतर सिल्क्यारामुळे वृत्तवाहिन्यांवर दिसले. एरवी हाच प्रश्न देशातील प्रत्येक महामार्ग, धरण, मेट्रो आणि खाणीच्या कामात रोज सोडवावा लागतो आणि त्याची बातमी होते ती बहुधा काही बिघडल्यावरच.

चालणारे यंत्र चालत का नेत नाहीत

बांधकामाच्या यंत्रांचे वाहतुकीच्या दृष्टीने ढोबळ दोन गट पडतात: चाकांवरची आणि चेनवरची. बॅकहो लोडर, म्हणजे आपण सरसकट ‘जेसीबी’ म्हणतो ते यंत्र, साधारण साडेसात ते आठ टनांचे असते आणि रबरी टायरांवर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास धावू शकते. वीस-तीस किलोमीटरवरच्या कामाला ते स्वतःच जाते. मोटर ग्रेडर, हायड्रा क्रेन, टायर रोलर यांनाही कमी अंतरासाठी हीच सोय आहे.

चेनवरच्या उत्खनक यंत्राची गोष्ट वेगळी. मराठी माणूस त्याला ‘पोकलेन’ म्हणतो. मुळात हे फ्रान्समधील एका कंपनीचे नाव. ती कंपनी सामान्यांच्या विस्मृतीत गेली, शब्द मात्र गावोगावच्या विहिरींच्या कामात रुजला. वीस टनांच्या वर्गातील पोकलेनचा वेग ताशी तीन ते साडेपाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीएवढा. पोलादी चेनच्या खुरांनी डांबरी रस्ता उखडतो. शिवाय दीर्घकाळ चालवल्यास चेन, रोलर, स्प्रॉकेट आणि चालमोटरी तापून झिजतात. चेनच्या यंत्राच्या देखभालखर्चाचा फार मोठा वाटा या खालच्या भागावरच खर्च होतो. जमीन खणण्यासाठी जपून ठेवायचे आयुष्य रस्ता तुडवण्यात घालवणे कोणत्याही मालकाला परवडत नाही. म्हणून असे यंत्र दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर बसूनच प्रवास करते.

कायद्याची भाषाही याच भेदावर उभी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी ‘बांधकाम उपकरण वाहन’ अशी स्वतंत्र संज्ञा दिली आहे. रबरी टायर, रबरी आवरण किंवा पोलादी ड्रमवर चालणारी स्वयंचलित उत्खनक, लोडर, रोलर, ग्रेडर, फिरत्या क्रेन आदी यंत्रे तिच्यात येतात. त्यांचे मुख्य काम रस्त्याबाहेरचे असते. रस्त्यावरून जाणे प्रासंगिक, अल्पकाळाचे आणि ताशी ५० किलोमीटरपेक्षा कमी वेगाचे असावे, असे नियम सांगतो. प्रवासाच्या स्थितीत अशा वाहनाची रुंदी तीन मीटरपर्यंत असू शकते, पण २.६ मीटरच्या पुढच्या भागावर पुढून-मागून पिवळे-काळे पट्टे रंगवणे आणि रात्री लाल दिवे लावणे बंधनकारक आहे. उसाच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांवर परावर्तक नसलेल्या ट्रॉलीच्या मागे अचानक येऊन थबकलेल्या कोणत्याही वाहनचालकाला या पट्ट्यांचे मोल सांगावे लागणार नाही.

ही यंत्रे ‘मोटार वाहन’ आहेत काय, म्हणजेच त्यांच्यावर रस्ता कर लागतो काय, हा वाद अनेक दशके न्यायालयांत चालला. बोस अब्राहम विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये उत्खनक आणि रोड रोलर यांना करपात्र मोटार वाहने मानले. वाद त्यानंतरही पूर्णपणे मिटला नाही. कारखान्याच्या किंवा खाणीच्या कुंपणाबाहेर कधीही न जाणाऱ्या यंत्रांचा प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित होत राहिला.

लो-बेड ट्रेलरचे गणित

साध्या ट्रेलरचा पाटा जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतो. वीस टनांचे पोकलेन हात दुमडून प्रवासाच्या स्थितीत ठेवले तरी तीन मीटरांच्या आसपास उंच भरते. दोन्हींची बेरीज साडेचार मीटर होते आणि विजेच्या तारा, झाडांच्या फांद्या, जुने रेल्वेपूल, स्वागतकमानी हे सगळे आडवे येऊ लागते. यावरचा उपाय म्हणजे लो-बेड ट्रेलर. त्याचा मधला भाग खाली झुकवलेला असतो, त्यामुळे पाटा एक मीटरच्या आसपास येतो आणि एकूण उंची चार मीटरांजवळ राहते. ट्रेलर ओढणाऱ्या इंजिनवाहनाला या व्यवसायात ‘पुलर’ म्हणतात.

उंचीचा प्रश्न असा सुटला, तरी पाटा खाली आल्यामुळे दुसरा प्रश्न उभा राहतो. लो-बेडचे पोट रस्त्यापासून जेमतेम वीतभर वर असते. गावातला उंच गतिरोधक, रेल्वे फाटकावरचा उंचवटा किंवा पुलाच्या तोंडाशी खचलेला भराव ओलांडताना ते टेकते आणि पुढची-मागची चाके अधांतरी होतात. फाटकावर असे अडकणे किती भयंकर ठरू शकते, हे वेगळे सांगायला नको. अनुभवी हेल्पर म्हणूनच लाकडी फळ्यांची चवड सोबत बाळगतात आणि अशा जागी उतरून चाकांखाली चढण रचतात.

रुंदीच्या बाबतीत तर एक विसंगतीच आहे. भारतात मालवाहू वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर आहे. वीस टनांच्या सर्वसाधारण पोकलेनची, ६०० मिलिमीटरच्या चेनपट्ट्या धरून, रुंदी सुमारे २.८ मीटर असते. म्हणजे देशात सर्वाधिक खपणाऱ्या आकाराचे उत्खनक यंत्र ट्रेलरवर चढताक्षणीच काटेकोर अर्थाने ‘ओव्हर डायमेन्शनल कार्गो’, व्यवहारातील भाषेत ‘ओडीसी’, ठरते. रोज रस्त्यावर दिसणाऱ्या अशा ट्रेलरांपैकी किती जणांकडे त्यासाठीची रीतसर परवानगी असते, हा प्रश्न वाहतूकदारांना विचारल्यास उत्तराऐवजी बहुधा स्मितहास्य मिळते.

वजनाची मर्यादा जुलै २०१८ मध्ये केंद्राने वाढवली. चार टायरांच्या एका आसावर ११.५ टन, जोडआसावर २१ टन आणि तीन आसांच्या संचावर २७ टन असा भार चालतो; वाहन व माल मिळून कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर नेण्यात आली. वीस टनांचे यंत्र, ट्रेलर आणि पुलर मिळून चाळीस टनांच्या आसपास भरतात, म्हणजे वजनाची अडचण येत नाही. परंतु खाणीतले पन्नास टनांचे उत्खनक किंवा मोठा डोझर न्यायचा असेल, तर आसांची संख्या वाढवावी लागते आणि पुढे हायड्रॉलिक मॉड्युलर ट्रेलरकडे वळावे लागते. या ट्रेलरांत आसांच्या ओळी हव्या तेवढ्या जोडता येतात, प्रत्येक ओळीचा भार हायड्रॉलिक दाबाने सारखा राखला जातो आणि सर्व चाके वळू शकतात. आठ टायरांच्या एका ओळीवर १८ टन भार नियमांत मान्य आहे.

मर्यादा ओलांडल्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड होतो. आठ टन जास्त असतील तर ३६,००० रुपये. माल बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीत बाहेर डोकावत असेल तर त्यासाठीही २०,००० रुपयांचा स्वतंत्र दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय वाहन पुढे नेता येत नाही, असे कायदा सांगतो. पण पोकलेन हा काही गोण्यांचा माल नव्हे की निम्मा उतरवून ठेवावा. म्हणूनच परवानगी देताना ‘माल विभागता येण्याजोगा आहे की नाही’ हा निकष कळीचा ठरतो. जे सुटे करता येते त्याचे तुकडे करूनच नेले पाहिजे, ही सर्वसाधारण अपेक्षा असते.

चढवणे, बांधणे, उतरवणे

या व्यवसायातील माणसांना विचारले तर अपघाताची भीती त्यांना महामार्गापेक्षा रॅम्पवर अधिक वाटते. पोलादी चेन पोलादी रॅम्पवर चढते तेव्हा पकड फारच थोडी असते. पाऊस, चिखल किंवा सांडलेले ग्रीस असेल तर ती उरतच नाही. म्हणून चेनला चिकटलेली माती आधी काढायची, ट्रेलर सपाट आणि कठीण जमिनीवर उभा करायचा, चाकांना उटी लावायची, रॅम्पवर लाकडी फळ्या किंवा रबर टाकायचे आणि यंत्र सरळ रेषेत अतिमंद वेगाने चढवायचे. रॅम्पवर दिशा बदलायची झाली तर यंत्र खाली आणून पुन्हा सरळ करायचे, वरच्यावर वळवायचे नाही. चढाच्या टोकाशी यंत्राचा गुरुत्वमध्य कडा ओलांडतो आणि पुढचा भाग एकदम खाली आदळतो, तो क्षण सर्वांत नाजूक असतो. ऑपरेटर बकेट पाट्याजवळ टेकवून तो धक्का हातावर झेलतो. या वेळी हेल्पर ट्रेलरच्या बाजूला नव्हे, तर दूर आणि ऑपरेटरला दिसेल अशा जागी उभा असला पाहिजे. प्रत्यक्षात तो चेनला हात लावता येईल इतका जवळ उभा असतो, हे कोणत्याही कामावर पाहायला मिळते.

यंत्र चढल्यावर हात आणि बकेट खाली टेकवतात, वरचा भाग फिरू नये म्हणून स्विंग लॉक लावतात, इंजिन बंद करून दाब मोकळा करतात. नंतर चार कोपऱ्यांतून साखळ्या लावून रॅचेटने ताणतात. बकेट आणि हात यांना वेगळी साखळी लागते. युरोपीय मानकात मालाच्या बांधणीसाठी एक सोपे सूत्र आहे: ती पुढच्या दिशेने वजनाच्या ८० टक्के आणि बाजूला व मागे ५० टक्के जोर सोसू शकली पाहिजे. वीस टनांच्या यंत्राच्या बाबतीत याचा अर्थ असा, की पुलरने करकचून ब्रेक दाबला तर सोळा टनांचा धक्का चालकाच्या केबिनकडे जातो आणि तो साखळ्यांनीच अडवायचा असतो. भारतीय रस्त्यांवर मात्र नायलॉनच्या दोरावर किंवा ‘एवढे वजन आहे, जाईल कुठे’ या भरवशावर निघालेली यंत्रे सर्रास दिसतात. वजन जास्त म्हणून ते घसरणार नाही, हा समज चुकीचा आहे. वजनाबरोबर घर्षण वाढते तसा धक्काही त्याच प्रमाणात वाढतो.

त्याहून धोकादायक प्रकार लहान यंत्रांच्या बाबतीत घडतो. लो-बेडचे भाडे दोन्ही बाजूंचे मोजावे लागते, कारण परतीला ट्रेलर बहुधा रिकामा येतो. ते वाचवण्यासाठी मातीच्या ढिगाऱ्याचा उतार करून सात ते चौदा टनांचे पोकलेन टिप्परच्या हौद्यात चढवले जाते. टिप्परचा पाटा उंच, त्यावर यंत्र उंच आणि बांधायला जागा नाही. वळणावर असे वाहन कलंडले तर त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नसते.

पुलांची परीक्षा

जून २०२० मध्ये उत्तराखंडातील मुनस्यारीजवळ, मिलमकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सेनर नाल्यावरच्या बेली पुलावर पोकलेन लादलेला एक ट्रक चढला. भारत-चीन सीमेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामासाठी ते यंत्र निघाले होते. पुलाची क्षमता १८ टन होती आणि ट्रक व यंत्र मिळून वजन सुमारे २६ टन होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. ट्रक मध्यावर पोहोचताच पूल यंत्रासह नाल्यात कोसळला. दोघे जखमी झाले. त्या दृश्याची चित्रफीत देशभर फिरली. पलीकडची गावे आणि सीमेवरील चौक्या यांचा वाहनसंपर्क तुटला. सीमा सडक संघटनेने आठवडाभराच्या आतच नवा पूल उभा केला, हे तिचे कौशल्य. पण आठ टनांची वजाबाकी कागदावर आधीच झाली असती तर त्या कौशल्याची गरज पडली नसती.

दुसरे उदाहरण मराठी वाचकांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवरचे आहे. भोपाळ–नागपूर महामार्गावर मध्य प्रदेशातील नर्मदापुरम जिल्ह्यात सुखतवा नदीवर ब्रिटिशकालीन पूल होता. १० एप्रिल २०२२ रोजी अवजड यंत्रसामग्री घेऊन इटारसीकडे जाणारा १३८ चाकांचा ट्रेलर त्यावरून जात असताना तो कोसळला. चाके १३८ असली म्हणजे भार विभागला जातो हे खरे. परंतु तो विभागला जातो रस्त्याच्या पृष्ठभागासाठी. पुलाच्या एका गाळ्यावर एकाच वेळी ज्या आसांच्या ओळी उभ्या असतात, त्या सर्वांचे वजन त्या गाळ्यालाच पेलावे लागते. रस्त्याला प्रत्येक चाकाचा भार जाणवतो, तर पुलाला गाळ्यावरचा एकूण भार. हा फरक न कळल्याने परवानगीच्या कागदावर बिनधोक दिसणारे वाहन जुन्या कमानीवर प्राणघातक ठरू शकते.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या संकेतांनुसार देशातील महामार्गांवरील आधुनिक पूल ‘७०-आर’ वर्गाच्या भारासाठी आखले जातात. त्यात चेनवरचे ७० टनांचे किंवा चाकांवरचे १०० टनांचे काल्पनिक वाहन धरलेले असते. अतिअवजड मालासाठी ३८५ टनांच्या विशेष वाहनाचाही संकेतांत समावेश आहे. मात्र ते वाहन पुलाच्या मध्यरेषेजवळून मंद वेगाने आणि पुलावर दुसरे वाहन नसताना जाईल, हे गृहीत धरलेले असते. अवजड ट्रेलर पुलावर येताच पोलीस दोन्हीकडची वाहतूक रोखतात आणि रांगेतले लोक वैतागतात, त्यामागचे कारण हे आहे. अडचण जुन्या पुलांची उरते. त्यांच्या आराखड्यांच्या प्रती अनेकदा सापडत नाहीत आणि राज्यमार्ग व जिल्हामार्गांवर असे पूल भरपूर आहेत.

मोठा माल निघण्यापूर्वी मार्गाचे सर्वेक्षण होते. एका गाडीवर मालाच्या उंचीची उभी काठी बांधून संपूर्ण मार्ग फिरतात आणि कमानी, तारा, फांद्या, वळणांची त्रिज्या, चढ आणि पुलांच्या क्षमता नोंदवतात. रेल्वेच्या विद्युतीकृत मार्गावर फाटकाजवळ उंचीची चौकट असते; तिच्यापलीकडे २५,००० व्होल्टची तार आहे हे लक्षात ठेवायचे असते. वीज कंपनी, रेल्वे, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि प्रत्येक जिल्ह्याचे पोलीस यांच्या परवानग्या जुळवणे, हेच अनेकदा वाहतुकीपेक्षा लांबते. शहरे अवजड वाहनांना रात्रीच प्रवेश देतात, तर ओडीसीच्या परवान्यात बऱ्याचदा दिवसाच चालण्याची अट असते. मग शहराच्या वेशीवर ट्रेलर नुसता उभा राहतो.

या सगळ्याची परिणती काय होते, हे अवकाश संशोधनाच्या एका मालाने दाखवून दिले. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठीचे अजस्र ऑटोक्लेव्ह घेऊन ७४ चाकांचा ट्रेलर जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निघाला आणि जुलै २०२० मध्ये पोहोचला. टाळेबंदीने त्यात भर घातली, पण मुळात दिवसाकाठी काही किलोमीटर, तारा उचलत आणि झाडे छाटत, अशीच ती वाटचाल होती.

करप्रणालीनेही ही मंद गती मान्य केली आहे. ई-वे बिलाची मुदत साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. ओडीसीसाठी ती दर २० किलोमीटरला एक दिवस. म्हणजे ८०० किलोमीटरच्या प्रवासाला साध्या ट्रकला चार दिवस, तर अवजड यंत्राला चाळीस. आपलेच यंत्र आपल्याच दुसऱ्या राज्यातील कामावर नेताना जीएसटी लागतो काय, हा प्रश्न २०१७ मध्ये करव्यवस्था नवी असताना कंत्राटदारांना भेडसावत होता. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय परिपत्रकाने स्पष्ट केले, की रिग, अवजारे, सुटे भाग आणि क्रेनसारख्या चाकांवरच्या वस्तूंची अशी आंतरराज्य हालचाल ही विक्री किंवा पुरवठा नव्हे. चलन आणि ई-वे बिल मात्र बरोबर लागतेच.

बंद पडलेले यंत्र ओढताना

वाटेत यंत्र बंद पडले, तर मोटारीसारखे दोर बांधून ओढता येईल, ही समजूत महागात पडते. पोकलेनच्या चालमोटरींचे ब्रेक तेलाच्या दाबाने सुटतात. इंजिन बंद म्हणजे दाब नाही आणि दाब नाही म्हणजे ब्रेक घट्ट. तशा स्थितीत ओढले तर चेन फरफटते आणि आतले गिअर तुटतात. अगदी थोड्या अंतरासाठी, तेही सांगाड्याला रुंद वायररोप गुंडाळून आणि ब्रेक मोकळे करूनच ओढायचे असते. खालच्या सांगाड्यातील लहान छिद्र हलक्या वस्तू ओढण्यासाठी आहे. यंत्र स्वतः ओढून काढण्यासाठी त्याचा वापर केल्यास ते फाटते. बॅकहो लोडरमध्ये गिअरबॉक्सला वंगण पुरवणारा पंप इंजिनवर चालतो, त्यामुळे लांब ओढायचे असल्यास प्रोपेलर शाफ्ट आधी सोडावा लागतो.

चाकांवरच्या नादुरुस्त वाहनाला सार्वजनिक रस्त्यावर ओढताना दोन वाहनांतील अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावे आणि मागे ‘ऑन टो’ असा फलक असावा, अशी वाहतूक नियमांची अपेक्षा आहे. एअर कॉम्प्रेसर, जनरेटर, काँक्रीट पंप अशी दांड्याने ओढायची सामग्री रोज फिरते. दांड्याची पिन निसटली तर धरून ठेवणारी दुहेरी सुरक्षा साखळी आणि मागचे दिवे, एवढ्या दोन गोष्टी तिच्याबाबत पाळल्या गेल्या तरी बरेच अपघात टळतील.

घाट उतरणे ही तर वेगळीच विद्या आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढता येईल त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या चालकांचा दंडक. पुण्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड वाहनाने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केल्याचा संशय पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आला. चाळीस टनांचा ट्रेलर न्यूट्रलवर सोडून वाचलेले डिझेल आणि त्यापायी पत्करलेली जोखीम यांची तुलनाच होऊ शकत नाही.

जेव्हा रस्ता पुरत नाही

काही यंत्रे अशी असतात, की ती ‘नेली’ जात नाहीत, पुन्हा बांधली जातात. मोठी क्रॉलर क्रेन उतरवली की तिच्या बूमचे तुकडे, प्रतिभार, चेनचे सांगाडे आणि मुख्य भाग यांना ट्रेलरांचा ताफाच लागतो. जोडायला दुसरी क्रेन लागते ती वेगळीच. मुंबई मेट्रो-३ साठी १७ बोगदा खोदणारी यंत्रे वापरली गेली. किनारी रस्त्याच्या जुळ्या बोगद्यांसाठी आणलेल्या ‘मावळा’ यंत्राचा व्यास १२.१९ मीटर होता. एवढे गोलक अखंड न्यायला मुंबईतला कोणताही रस्ता पुरेसा नव्हता. सुट्या भागांत आणून ते प्रियदर्शिनी पार्कजवळच्या विवरात जोडण्यात आले आणि जानेवारी २०२१ मध्ये खोदाईला लागले.

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर तर वाहतुकीनेच बांधकामाची पद्धत ठरवली. चाळीस मीटर लांबीचे आणि सुमारे ९७० टन वजनाचे अखंड गर्डर सार्वजनिक रस्त्याने नेणे अशक्यच होते. म्हणून ते मार्गालगतच्या यार्डात ओतले जातात आणि आधी बांधून झालेल्या उन्नत मार्गावरूनच खास वाहकाने पुढच्या खांबापर्यंत नेले जातात. त्यासाठीची १,१०० टन क्षमतेची देशी यंत्रसामग्री सप्टेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूतील कांचीपुरम येथून कामावर रवाना झाली.

ईशान्येकडे सिलिगुडीच्या अरुंद पट्ट्यातील रस्ते आणि पूल अतिअवजड मालाला अपुरे पडतात. त्रिपुरातील पालाटाना वीजप्रकल्पाची सामग्री २०११-१२ मध्ये बांगलादेशातील आशुगंज बंदरापर्यंत जलमार्गाने आणि पुढे रस्त्याने नेण्यात आली. तिथे पुलांना भार पेलवेना, म्हणून तितास नदीच्या पात्रातूनच तात्पुरता भराव घातला गेला आणि त्यावरून बांगलादेशात मोठा वाद झाला. आसामातील नुमालीगड तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या विस्तारासाठीही अवजड सामग्री बांगलादेशमार्गे नदीतून आणली गेली. पाण्याला पुलांच्या क्षमतेची चिंता नसते, फक्त खोली लागते. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये सुरू केलेली रो-रो सेवा भरलेले ट्रक वाघिणीवर वाहून नेते. पण रेल्वेच्या ठरलेल्या मापचौकटीमुळे पोकलेन लादलेल्या ट्रेलरला तिचा फारसा उपयोग नाही.

जोखीम कोणाची

यंत्र भाड्याने देण्याच्या व्यवहारात ने-आण करण्याचा खर्च कोणी करायचा, हे करारात लिहिलेले असते. वाटेत नुकसान झाले तर ते कोणी सोसायचे, हे अनेकदा लिहिलेले नसते. कार्यस्थळावरील यंत्रासाठी घेतलेला ‘कॉन्ट्रॅक्टर्स प्लांट अँड मशिनरी’ विमा सर्वसाधारणपणे प्रवासातील हानी धरत नाही. त्यासाठी वेगळा मार्गस्थ विमा घ्यावा लागतो. वाहतूकदाराची जबाबदारीही अमर्याद नसते. मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखालील नियमांनुसार, मालकाने जादा मूल्य व जोखीम लेखी जाहीर केली नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. पन्नास-साठ लाखांचे यंत्र चाळीस हजारांच्या भाड्याने निघाले आणि दरीत गेले, तर त्या हिशेबाने हाती चार लाख येतात. बँकेचा हप्ता मात्र पूर्ण यंत्राचा असतो. एखाद-दुसरे यंत्र कर्जावर घेऊन गावोगावी कामे करणाऱ्या तरुणांची संख्या महाराष्ट्रात मोठी आहे. त्यांच्यापैकी अनेकांना हा नियम अपघातानंतरच कळतो.

या प्रवासाची एक संस्कृतीही आहे. तमिळनाडूतील तिरुचेंगोडे आणि नामक्कल परिसरातून निघालेल्या बोअरवेलच्या गाड्या मराठवाड्यापासून मध्य प्रदेशापर्यंत दुष्काळाच्या मागे मागे फिरतात. पुढे रिग, मागे पाइप आणि कॉम्प्रेसरची गाडी आणि त्यातच थाटलेला कामगारांचा संसार. पोकलेनचे ऑपरेटर झारखंड, बिहार, ओडिशातून येतात आणि यंत्राबरोबरच राज्ये बदलतात. ट्रेलरवर यंत्र असते तेव्हा ऑपरेटरने त्याच्या केबिनमध्ये बसू नये, हा नियम साधा आहे. तरी पुलरच्या केबिनमध्ये जागा नसली की तो तिथेच झोपतो. पावसाळ्याच्या तोंडावर डोंगराळ कामांवरून ट्रेलर खाली उतरू लागतात. लडाखकडे उलटे घडते. झोजी खिंड बर्फाने बंद होण्यापूर्वी यंत्रे वर पोहोचली नाहीत, तर त्या हंगामाचे काम पुढच्या वर्षावर जाते. म्हणून शरद ऋतूत सोनमर्गच्या वाटेवर लो-बेडच्या रांगा लागलेल्या असतात.